हातोडा वाजतोय, पाणी कुठंय?

"बेर्टलआजोबा, पाटाच्या कडेनं तुम्ही शेवटचं कधी चालत गेला होता?"

व्रोनीनं विचारलं आणि खाणावळीच्या अंगणातल्या सगळ्या टेबलांवरच्या माना तिच्याकडे वळल्या. रविवारची प्रार्थना आटोपून गावातले बागायतदार तिथं जेवायला बसले होते. बेर्टलआजोबांचा घास काट्यावरच राहिला.

कारंज्यामागून दबलेलं हसू आलं. काशियान आणि झिटा! "विचारून दाखव, मग तुला मानलं," म्हणून त्यांनीच तिला डिवचलं होतं. मागच्या वर्षीपर्यंत हजेरी देतानाही व्रोनीचा आवाज बाकाखाली शिरायचा. आता मात्र ती ताठ उभी होती.

"चालायचं कशाला, पोरी?" बेर्टलआजोबांनी कानामागे हात धरला. "ऐक."

डोंगरावरून आवाज येत होता. टक... टक... टक...

बेर्टलआजोबा गावाचे पाटकरी. ऑर्टलर डोंगराच्या बर्फाचं पाणी पाटातून बागांपर्यंत पोचवायचं, हे त्यांचं काम. पाटाच्या धारेवर एक लाकडी चाक फिरतं, चाक हातोडा उचलतं, हातोडा लोखंडी पत्र्यावर पडतो. आवाज थांबला की पाणी अडलं समजायचं आणि फावडं घेऊन पळायचं.

"हातोडा वाजतोय, म्हणजे पाणी येतंय," आजोबा म्हणाले. "माझे आजोबासुद्धा असंच बसून ऐकायचे."

"मग आमच्या बागेत का येत नाही?" झिटा कारंज्यामागून बाहेर आलीच. तिच्या घरची बाग पाटाच्या अगदी शेवटाला होती. "आमचे जर्दाळू सुकून बोरांएवढे झालेत. पाण्याच्या पाळीच्या दिवशी नुसती करंगळीएवढी धार येते."

"तुमच्या त्या सायकलींमुळे!" व्रोनीचे बाबा म्हणाले. ते पाणी समितीचे अध्यक्ष. "पाटालगतची खडीची वाट सायकलवाल्यांना मोकळी केली आणि काठ ढासळायला लागला. आज पाच वाजता इथंच मतदान आहे. वाटेवर अडसर टाकायचा. सायकलींना बंदी."

व्रोनीनं काशियान आणि झिटाकडे पाहिलं. वसंतात दरडीची खडी उपसून ती वाट त्या तिघांनीही इतरांच्या बरोबरीनं साफ केली होती. हात सोलवटले होते. आणि तेवढा तुकडा बंद झाला, की खोऱ्यातला खडीचा सगळा मार्गच मधोमध तुटणार. मग पुढं जायचं तर मोठ्या रस्त्यानं, ट्रकांच्या धुरात. तिथं तर आई तिला एकटीला जाऊच द्यायची नाही.

"काठ कुठं ढासळलाय, बाबा?"

"एवढा लांब पाट. जागा कोण शोधत बसलंय?"

"आम्ही शोधतो. पाचच्या आत."

टेबलाभोवती हशा पिकला. व्रोनीची आईसुद्धा हसली, पण जरा वेगळं.

खाणावळ झिटाच्या मावशीची होती. तिच्याकडून झिटानं पिशवीभर बुचं मागून आणली, बाटल्यांची.

"बुचं कशाला?" काशियाननं विचारलं.

"तुला गिळायला. चल, पॅडल मार."

चढण खडी होती. रुंद टायरांखाली खडी करकरत होती. काशियानची सायकल थोरल्या भावाची, त्याला एक माप मोठी. प्रत्येक वळणावर तो "पाय पुरत नाहीत, देवा" म्हणायचा आणि झिटा "मग जीभ लाव, ती पुरेल" म्हणायची.

वरच्या वाहनतळाशेजारी हातोडा टकटकत होता. नवाकोरा लाकडी कठडा, बसायला बाक, फोटो काढणारं एक जोडपं. पाटात पाणी काठोकाठ.

"इथं इतकं, आणि आमच्याकडे करंगळी," झिटा पुटपुटली.

"म्हणजे मधेच कुठंतरी जातंय," व्रोनी म्हणाली. "ओत बुचं. जिथं बुचं हरवतील तिथं पाणी हरवतंय. त्यांची पाठ सोडायची नाही."

बुचं पाण्यात पडली आणि निघाली टुणटुणत. तिघांच्या सायकली त्यांच्यामागे! पाट वळला की वाट वळायची. मधे गाईंचं फाटक आलं; व्रोनीनं उतरून उघडलं, तिघं पार झाल्यावर आठवणीनं लावलं आणि पुन्हा बुचांना गाठलं. पाण्याकडे बघता बघता काशियान थेट खाजकुयलीसारख्या झुडपात घुसला.

"थांबू नका! मी मेलो तरी बुचं बघा!" तो आतून ओरडला.

वाकड्या देवदाराच्या पुढं बुचांनी एकदम फेर धरला. गोल, गोल, गोल. मग एक बुडी मारून गेलं. पुन्हा वर आलंच नाही. दुसरं गेलं. पुढचा पाट जवळजवळ रिकामा होता.

व्रोनीनं सायकल आडवी टाकली आणि खांद्यापर्यंत हात पाण्यात घातला. पाणी इतकं गार, की दात वाजले. तळाशी भोक होतं, तिचा अख्खा हात आत गेला. वाटेखालच्या उतारावर गवताचा एकच पट्टा हिरवागार होता आणि तिथून पाणी झिरपून ओढ्याकडे चाललं होतं. उकरलेल्या ताज्या मातीच्या ढिगावर घुशीसारखा गुबगुबीत मार्मोट बसला होता. त्यानं शीळ घातली आणि बिळात उडी घेतली.

"हा बघा चोर," झिटा म्हणाली. "आणि वाट? वाटेला तर ओरखडासुद्धा नाही."

"पण हातोडा वाजत होता ना," काशियान पाय खाजवत म्हणाला. "पाणी गेलं तर तो थांबायला हवा."

झिटा अचानक उभी राहिली. "तो आधी आमच्या बागेजवळ होता! शेवटाला. खांब अजून तिथंच आहे. शरदात वर नेला, पाहुण्यांना फोटो काढता यावेत म्हणून."

भोक खाली, हातोडा वर. तो वाजत राहणारच!

"पळत जाऊन सांगू या," काशियान म्हणाला.

"मघाशी सांगितलं तेव्हा हसले," व्रोनी म्हणाली. "आता नुसतं सांगायचं नाही."

पाच वाजत आले तेव्हा तिघं वरती परत पोचली होती. दोन खुंट्या काढल्या की चाक, हातोडा, पत्रा, सगळं सुटं होत होतं. चाक परातीएवढं. काशियाननं सायकलची जादा ट्यूब पट्ट्यासारखी बांधून ते पाठीवर घेतलं. हातोडा व्रोनीच्या, पत्रा झिटाच्या पाठीवर.

डोंगर गप्प झाला.

"आता खाली," व्रोनी म्हणाली. "ब्रेक जपून."

उतारावर पाठीवरचं ओझं प्रत्येक वळणाला बाहेर ओढत होतं. खडी टायरांखालून उडत होती. व्रोनीनं ओठ घट्ट मिटले होते. फाटक, देवदार, शेवटचं वळण, आणि बाग!

खाणावळीत मतदानाला हात वर झाले होते. तेवढ्यात बेर्टलआजोबांनी पेला खाली ठेवला.

"वाजत नाहीये," ते म्हणाले आणि चालायला लागले. सवयीनं त्यांचे पाय जुन्या खांबाकडेच वळले. मागोमाग अख्खी समिती.

खांबाला हातोडा लावलेला होता. खाली करंगळीएवढी धार. चाक हलत नव्हतं. बाजूला तीन धुळकट पोरं.

"हातोड्याला हात लावायला कुणी सांगितलं?" बाबा गरजले.

"आधी तुम्ही हलवलात, बाबा," व्रोनी म्हणाली. तिचा आवाज चढला नाही, कापलाही नाही. "फोटोसाठी वर नेलात. पाणी त्याच्या खाली गळतंय. चला, दाखवते."

देवदारापाशी बेर्टलआजोबा गुडघ्यांवर बसले, भोकात हात घालून बराच वेळ चाचपत राहिले. "हे चाकांचं काम नाही," ते म्हणाले. "नखांचं आहे." मग बाबांकडे बघून, "कान माझे शाबूत होते, टोनी. पाय आळशी झाले. या पोरांनी गाव वाचवलं."

बाबांचे कान लाल झाले होते. त्यांनी कोट काढला आणि दगड उचलायला लागले. दगड, गवताची ढेकळं, चिखल. सगळ्यांनी मिळून भोक बुजवलं. व्रोनीची आई फावडं घेऊन सगळ्यांच्या पुढं होती.

उन्हं कलताना सगळे खाली बागेत उभे होते. धार आधी पाणी, मग चिखल, मग पुन्हा पाणी झाली. चाक कुरकुरलं. टक.

टक... टक...

झिटानं पहिल्या झाडाच्या आळ्यात पाय बुडवून उभं राहून घेतलं.

"अडसर नको," बाबा घसा खाकरून म्हणाले. "कुणाचा विरोध?" कुणाचाच नव्हता. "पण नुसतं ऐकून आता भागायचं नाही. पाट रोज बघायला हवा. बेर्टलना ती चढण झेपणार नाही, तेव्हा समितीनं विचार करून—"

"आई, बाबा," व्रोनी म्हणाली, "उद्यापासून सुट्टीभर रोज सकाळी पाट मी बघणार. सायकलवरून. ही दोघं येतील. फावडं आईचं घेईन. आणि हे मी विचारत नाहीये, सांगतेय."