केसरबाईनं विकलेला नंदी

पांढुर्ण्याहून सौंसरला जाणारी मोटार सुटायच्या बेतात होती. मी खिडकीशी मांडीवर लाकडी नंदी घेऊन बसले होते, तेवढ्यात एक तरुण धापा टाकत वर चढला. त्यानं आधी नंदीकडे पाहिलं, मग माझ्याकडे… आणि पुन्हा नंदीकडेच. मला जरा रागच आला.

"हा नंदी आमचा आहे," तो म्हणाला.

"असन. आता माझा आहे. केसरबाईकडून विकत घेतला मी."

"तिनं विकला कसा? मी तर रंगवाले टाकला होता."

झालं होतं ते असं. पोळा दोन दिवसांवर आला की घरोघरचे जुने लाकडी नंदी चिंधू सुताराकडे रंगवायला येतात. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, मुलं ते दोरीनं ओढत दारोदार नेतात आणि बोजारा म्हणून खाऊ-पैसे मिळवतात. चिंधू गेला होता बाजारात. विकायचा नंदी कोणता आणि रंगवायचा कोणता, हे त्याच्या बायकोला, केसरबाईला, ठाऊक नव्हतं. ओसरीवर मला जो आवडला तो तिनं देऊन टाकला.

आणि मला जुनं खेळणं दिसलं की माझं भानच हरपतं. मी जयवंता, सौंसरच्या रघुनाथराव मास्तरांची मुलगी. नऊ वर्षांची असताना शेजारणीनं चाक मोडलेला लाकडी घोडा चुलीत सारला, तो मी बोटं भाजून घेत बाहेर ओढला. तेव्हापासून हा नाद. किल्ली हरवलेल्या पत्र्याच्या मोटारी, मातीची बोळकी, नाक उडालेल्या बाहुल्या… तीन पेट्या भरल्या होत्या. 'मुलगी एकविसाची झाली, अजून खेळण्यात आहे,' म्हणून दोन स्थळं परत गेली होती. गेली तर गेली, मला त्याचं काही वाटलं नव्हतं.

मोटार हलली तरी आमचं भांडण मिटलं नव्हतं. तो शेजारच्या बाकावर बसला.

"घरी काकायचे पोट्टे वाट पाहून राहिले नंदीची," तो म्हणाला. "तुम्ही याचं काय करसान?"

"सांभाळीन. हा कान पाहा." नंदीच्या कानाचा टवका उडाला होता, आणि त्यात एकाखाली एक रंग दिसत होते— हिरवा, त्याखाली पिवळा, त्याखाली लाल. "एकेका पोळ्याचा एकेक रंग आहे. तुम्ही वरून पुन्हा ऑइलपेंट थोपून राहिले."

तो वाकून बघू लागला. त्याच्या कपाळावर घामाचे थेंब होते आणि पापण्या मुलींसारख्या लांब. "पिवळा माझ्या वेळचा," तो हळूच म्हणाला. "लाल… बाबांचा असन. बाबा नाही आता."

यावर कोणाचा जीव विरघळणार नाही? मी नंदी त्याच्या हातात दिला.

"एका अटीवर. गेरू आणि चुन्यानं रंगवा. पोळा झाला की पाण्यानं धुतलं जाते, खालचे रंग राहतात."

"आणि धुतला, ते तुम्ही पाहसान कसं?"

"आणून दाखवा. सौंसरले, रघुनाथराव मास्तरायकडे."

तो हसला. पुढच्या गावी उतरला आणि नंदी काखेत मारून पांढुर्ण्याच्या रस्त्याला लागला. मी मान वळवून पाहत राहिले. कंडक्टरनं मला तिकीट दोनदा मागितलं.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्याची गोटमार, ती दगडफेकीची जत्रा, झाली आणि त्याच्या चौथ्या दिवशी तो खरंच दारात उभा. नाव मोरेश्वर, आमच्याच सौंसरच्या तहसिलीत कारकून! इतके दिवस मला तो दिसला कसा नाही, कोण जाणे.

"दोनदा धुतला," नंदी पुढे करत तो म्हणाला. "पुढच्या पोळ्यापर्यंत तुमच्याकडे ठेवा. माझ्यापेक्षा तुम्हीच बरा सांभाळसान."

"म्हणजे दरसाल न्याले-आणाले यावं लागन तुम्हाले."

"येईन ना… मधल्या काळातही आलो तर चालते का?"

आई आतून म्हणाली, "चहा घेऊन जा म्हणावं." आमच्या आईचे, देवकाबाईंचे, कान फार तिखट.

त्यानं माझ्या पेट्या पाहिल्या आणि हसला नाही. प्रत्येक खेळणं हातात घेऊन विचारलं, हे कुठलं, हे कोणाचं. कामानिमित्त मोहगाव-बोरगावला गेला की येताना काहीतरी घेऊन यायचा. कधी सुटं चाक, कधी कोणाच्या अडगळीतला एकहाती शिपाई. "याचा दुसरा हात शोधून राहिलो," असं गंभीरपणे सांगायचा. दिवाळीपर्यंत मला कळून चुकलं होतं की मी खेळण्याची वाट पाहत नाही, आणणाऱ्याची पाहते.

त्याच महिन्यात राज्यं बदलली. कालपर्यंत आमची राजधानी असलेलं नागपूर मुंबई राज्यात गेलं, आम्ही राहिलो मध्यप्रदेशात, आणि मोरेश्वरची बदली झाली थेट भोपाळला. जायच्या आधी त्याचे काका, यशवंतराव, रीतसर बोलणी करायला आमच्याकडे आले.

सगळं छान चाललं होतं. यशवंतरावांनी संत्र्याची फोड तोंडात टाकली आणि म्हणाले, "पोरगी पसंत आहे, मास्तर. एकच सांगतो. भोपाळात सरकारी खोली भेटते एक. हे खेळणे-गिळणे पोट्ट्यायले वाटून टाका."

सगळे हसले. मी मोरेश्वरकडे पाहिलं. तो खाली मान घालून संत्र्याची साल तुकडे तुकडे करत होता. वडीलधाऱ्यांपुढे मुलानं बोलू नये ही रीत मला ठाऊक होती. पण त्याचं ते गप्प बसणं माझ्या जिव्हारी लागलं.

"मग मले नाही जमणार," मी म्हटलं.

बैठक संपली. पाहुणे मोटारस्टँडकडे गेले. आई म्हणाली, "तिसरं स्थळ." पहिली दोन गेली तेव्हा मी पोटभर जेवले होते. त्या दुपारी मी भरलं ताट तसंच सरकवलं. माझं त्याच्यावर प्रेम होतं, हीच तर पंचाईत होती.

तासाभरानं अंगणात चपला वाजल्या. मोरेश्वर एकटाच आला होता. बाबा ओसरीवर बसलेले, मी दाराशी.

"काका गेले मोटारीनं. मी उतरलो," तो बाबांना म्हणाला. "त्यायले सांगून आलो, खेळणी जिथं नाही तिथं ती येणार नाही, अन् तिच्याबिगर मले जायचं नाही."

"काय म्हणाले ते?" बाबांनी विचारलं.

"म्हणाले, तुझी खोली, तुझं तू पाहून घे."

माझा राग अजून उतरला नव्हता. "मघाशी काहून नाही बोलले?"

"भ्यालो." त्यानं सरळ माझ्याकडे पाहिलं. "बाबा गेल्यावर काकायनंच वाढवलं. त्यांच्यापुढे आजवर तोंड उघडलं नव्हतं… चुकलं माझं."

असं कबूल करणारा माणूस मी तोवर पाहिला नव्हता. मी पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिले.

"पण खोली एकच आहे, हे खरं," तो चाचरत म्हणाला. "लहान आहे म्हणतात. तुमच्या पेट्या ठेवल्या तर… खाट मावणार नाही."

"मग?"

"खाट नाही नेत. आपण खाली झोपू."

बाबांना एकदम खोकला आला. आत आईच्या हातून काहीतरी पडलं. आपण काय बोलून गेलो ते मोरेश्वरच्या ध्यानात आलं आणि तो कानापर्यंत लाल झाला. मला खूप हसू येत होतं आणि डोळ्यांतून पाणीही.

"भोपाळले थंडी लय पडते म्हणतात," मी म्हटलं. "गादी जाड घ्या."