ग्रहणातलं 'ये'

येळवस, म्हणजे मार्गशीर्ष अमावास्येची रानातली पूजा, ग्रहणामुळं आदल्या दिवशीच उरकली होती. रानोरानी पूजेसाठी उभारलेल्या कडब्याच्या कोपी, खोपटासारख्या, अजून उभ्या होत्या आणि आंबिलीचा आंबूस वास हवेत रेंगाळत होता. सूर्यग्रहणाच्या सकाळी उमरग्याजवळच्या त्या गावानं दारं लावून घेतली. शिवराज मात्र खांद्यावर बॅटरी घेऊन निघाला. हौशी रेडिओवाला माणूस, बिनतारी सेटवरून लांबलांबच्या लोकांशी बोलणारा. रानात विजेच्या तारांची कटकट नाही, म्हणून सेट त्यानं कोपीतच मांडला होता.

"गिराणात कुनी घर सोडतं व्हय? पोरगी बघ कशी पडलीया," त्याची आई हरणाबाई म्हणाली.

"तिच्यासाठीच चाललोय. येतो, आई."

"ये."

'येतो' म्हणणाऱ्याला 'ये' म्हणायचं, मगच त्यानं पाऊल उचलायचं, ही घरची रीत. वर्षापूर्वी त्याची बायको ज्ञानेश्वरी सोलापूरहून निघताना गाडीत बसवलेल्या तसल्याच सेटवरून त्याला म्हणाली होती, "येते हं." शिवराजचं 'ये' सेटच्या खरखरीत बुडालं आणि हायवेवर तिची गाडी उलटली. तेव्हापासून लेक राजनंदिनी अन्नाला धड शिवेना. डॉक्टर झाले, देव झाले. ती एकच म्हणे, "बाबा, आई खरखरीत अडकलीया. तुमचं 'ये' तिला पोचलंच न्हाय."

उन्हानं आभाळात एक थर तयार होतो, तो दूरच्या लहरी गिळून टाकतो. रात्री तो विरतो, म्हणून लांबलांबचे आवाज लागतात. ग्रहणात भरदिवसा तसंच होतं, एवढं शिवराजला ठाऊक होतं. मेलेल्या माणसाचा आवाज लागतो असं कुणी सांगितलं नव्हतं. पण बुडत्याला काडीचा आधार.

ऊन फिकं पडलं. पाखरं गप्प झाली. खरखर ओसरली, परक्या भाषेत कुणीकुणी बोललं, मग तेही थांबलं. कोपीतला आंबूस वास एकाएकी दाट झाला.

"...येते..."

दमलेला, ओळखीचा आवाज. शिवराजच्या डोळ्यांना धार लागली. त्यानं बटण दाबलं.

"ये... ये गं. ये."

ऊन परतलं, खरखरही. तो घराकडं पळत सुटला, वर्षात पहिल्यांदा हसत.

ओसरीवर हरणाबाई डोकं धरून बसली होती.

"पडल्या पडल्या पोरगी म्हनली, 'बाबा, आईनं बोलावलंय. येते.' म्या म्हनलं, वातात बोलतीया. तवर घरात तुजाच आवाज आला... 'ये.' लई मायेनं. आन् तिनं डोळे मिटले रं..."

राजनंदिनीचं अंग गार पडलं होतं. मायलेकींचा आवाज हुबेहूब सारखा, हे अख्खा गाव म्हणायचा. बापाला तेवढं कळू नये? आपल्याच तोंडानं त्यानं लेकीला निरोप दिला होता.

माती झाली त्याच्या दुसऱ्या दुपारी तो कोपीत जाऊन बसला. "पोरी, जाऊ नको... माघारी फिर," सेटवर घसा बसेपर्यंत ओरडला. डोक्यावर लख्ख ऊन होतं. असल्या उन्हात लांबचं काही लागत नाही, लागूच शकत नाही. नुसती खरखर.

मग ती खरखर थांबली. दोन सारखे आवाज एकदम म्हणाले, "ये."

शिवराज अजून 'येतो' म्हणालाच नव्हता.