ओला हात

अठ्ठ्याऐंशीच्या उन्हाळ्यात आधार गुरुजीची बदली सावद्याला झाली. सामानाचा ट्रक भरला आणि त्याची आई द्रौपदाबाई शिंदखेड्यापासून सावद्यापर्यंत ड्रायव्हरशेजारी बसून आली, मांडीवर लोणच्याची बरणी घेऊन. वाटेत पारोळ्याला चहा झाला, तोही तिने एका हाताने घेतला. दुसरा हात बरणीवर.

त्या बरणीला चाळीस वर्षांत बुरशी लागली नव्हती. लोणचं दरसाल नवं, बरणी तीच. काढायचं झालं तर द्रौपदाबाई आधी हात धुवायची. मग ते पदराला पुसायची नाही, पदराला ओल असते. उन्हात धरून वाळवायची, अगदी कातडी ताणेपर्यंत, आणि मगच बरणीच्या तोंडाला बांधलेला फडका, दादरा, सोडायची. सुनेला त्या बरणीपाशी फिरकायची मुभा नव्हती. मंदा धुण्याभांड्यातून उठायची आणि तशीच कुठल्याही डब्यात हात घालायची.

"ओल्या हातनी शे ती," द्रौपदाबाई घरी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची.

तिच्या तोंडची ही सगळ्यात जहरी शिवी. ओल्या हाताची म्हणजे जिच्या घरात पीठ कुबट, पापड-बिबड्या मऊ आणि लोणच्यावर बुरा. बाकी चोरी-चहाडी एकवेळ माफ, हे नाही.

घर दोन खोल्यांचं. छगनशेठची चाळ होती, तिचं हे शेवटचं टोक. पुढच्या खोलीवर पत्रा, मागच्या खोलीवर मातीचं धाबं. मागच्या भिंतीपलीकडे केळी पिकवायची वखार. आत कच्च्या केळीचे घड, वर पाला, त्यावर भिजवलेली पोती. उन्हाळ्यात ती भिंत गार लागायची. द्रौपदाबाईला बरं वाटलं. पाच वर्षांच्या नातीची, मितूची खाट तिने त्या भिंतीला चिकटून टाकली. पोरीला गारवा.

आषाढ लागला आणि भिंतीवर ठिपके उठले. आधी मोहरीएवढे. आठ दिवसांनी बोराएवढे. मग बिबडीएवढे गोल, एकात एक मिसळलेले. मध्ये काळे, कडेला हिरवट, आणि बोट लावलं तर उंदराच्या पाठीसारखे मऊ. वास ओल्या पोत्याचा.

"आई, भिंतीला बुरशी धरली," मंदा म्हणाली. "मितूची खाट काढायची का तिथून?"

"आणि ठेवायची कुठं? माझ्या डोक्यावर? पुढं पत्रा गळतो." द्रौपदाबाईने मान वळवली नाही. "भिंतीला बुरशी येत नसते, मंदा. बाईच्या हाताला येते."

मितूला खोकला झाला. पावसाळ्यात पोरांना होतोच. मग तिच्या छातीत बारीक शिटी वाजायला लागली. खोटं कशाला सांगायचं, द्रौपदाबाईने ती शिटी ऐकली होती. बाहेर कुणी पोर पिपाणी वाजवतंय, असं तिने स्वतःला सांगितलं.

फैजपूरच्या डॉक्टरांनी छातीला नळी लावली, पाठीला लावली. "बाळदमा आहे. घरात ओल आहे का? भिंतीला बुरशी वगैरे?"

मंदाने सासूकडे पाहिलं.

"आमच्या घरात?" द्रौपदाबाई ताठ झाली. "डॉक्टरसाहेब, अख्ख्या शिंदखेड्यात विचारा. माझ्या लोणच्याला सुद्धा कधी बुरा आला नाही."

डॉक्टर हसले. "लोणच्याचं नाही विचारलं, आजी. बुरशीची बारीक धूळ हवेत उडते, ती अशा मुलांच्या छातीत जाते. ती असली, तर माझ्या बाटलीचा काही उपयोग नाही."

"नाही म्हटलं ना."

घरी आल्यावर तिने दार लावलं, पदर खोचला आणि कोरड्या खराट्याने भिंत घासली. काळी भुकटी उडाली, कोनाड्यातल्या बुद्धाच्या फोटोवर बसली, पांघरुणावर बसली. द्रौपदाबाई घामाघूम झाली, पण भिंत पांढरी झाली. त्या संध्याकाळी मितूचा श्वास असा अडकला की तिच्या नखांचा रंग बदलला. आधारने तिला सायकलवर घालून फैजपूरला नेलं. इंजेक्शनाने पोर निभावली.

मग द्रौपदाबाईने गुपचूप कय्युमभाईला बोलावलं. शेजारणीचा, अनवरीचा नवरा. तो चुना द्यायचं काम करायचा. त्याने करणीच्या टोकाने भिंत टोकरली. आतून ओला चिखल निघाला.

"अक्का, कोरडं कशाला घासलं? सगळं घरभर पेरलं तुम्ही," तो म्हणाला. "चुन्यात मोरचूद घालून देतो, पण आठ दिवस टिकेल. पाणी पलीकडून येतंय. ही भिंत सुधरणार नाही. घर बदला."

"घर बदलू? लोक काय म्हणतील? द्रौपदाबाईला घर राखता आलं नाही?"

"लोक का श्वास देनेवाले हैं पोरीला?" अनवरी दारातून बोलली.

"तू गप गं. तुझी कोंबडी माझ्या ओट्यावर हगते, ते आधी बघ."

कय्युमभाईने चुना दिला. हिरवट निळी झाक असलेली ती भिंत आठ दिवस छान दिसली. नवव्या दिवशी ठिपके उठले.

आणि खाट सरकायला लागली.

पहिल्या दिवशी द्रौपदाबाईला वाटलं, आपणच नीट लावली नाही. मितू दुपारी जेवून झोपायची. उठली तेव्हा खाट भिंतीपासून वीतभर लांब. दुसऱ्या दिवशी हातभर. सागवानी खाट, शिंदखेड्याची, तिचा नवरा हिलाल याने सुताराकडे बसून करवून घेतलेली. उचलायला दोन माणसं लागायची.

"मंदा, माझ्या मागे खाट ओढतेस?"

"मी नळावर होते, आई. अनवरीला विचारा."

"तिला काय विचारू? ती तुझीच."

तिने खाट पुन्हा भिंतीला लावली. ही आता मितूची गोष्ट उरली नव्हती, द्रौपदाबाईच्या शब्दाची झाली होती. तिसऱ्या दिवशी खाट दीड हात बाहेर. पण एक गोष्ट खरी, आणि तीही द्रौपदाबाईच्या लक्षात आली होती. खाट लांब असली, त्या दिवशी छातीतली शिटी कमी वाजायची.

चौथ्या दिवशी तिने खाट लावायला दांडीला हात घातला आणि हात मागे घेतला. लाकूड ओलं होतं. सगळं नाही. पाच ठिकाणी. खाली वाकून तिने नीट पाहिलं. बोटांचे ठसे, बारीक हाडाच्या बाईचे असावेत तसे. शेजारी आणखी पाच. खोलीकडच्या दांडीवर नव्हते. भिंतीकडच्या दांडीवर होते. जिथे सकाळी खाट आणि भिंत यांच्यामध्ये काडी शिरली नसती.

"ओल्या हाताची," ती सवयीने पुटपुटली. आणि ते कुणाला म्हटलं, ते तिचं तिलाच कळलं नाही.

अनवरीला तिने अर्धंच सांगितलं. अनवरीचा चेहरा उतरला. "अक्का, पीरबाबाकडून धागा आणू का?"

"आमच्यात धागा-अंगारा चालत नाही. माझ्या नवऱ्याने दीक्षा घेतली त्या दिवशी घरातले देवांचे सगळे टाक नदीत सोडले. आम्ही भूत मानत नाही." मग जरा थांबून तिने विचारलं, "या खोलीत कुणी मेलं होतं का गं?"

"नाही हो. मी लग्न होऊन आले, वीस वर्षं झाली. कोई नहीं मरा."

पाचव्या दिवशी, श्रावणातल्या दुपारी, द्रौपदाबाईने ठरवलं. मंदा नळावर गेली. आधार शाळेत. मितू झोपली, डोकं भिंतीकडे, तोंड उघडं, छातीत शिटी. द्रौपदाबाईने खाट भिंतीला घट्ट टेकवली. मग खोलीच्या बाजूने जमिनीवर बसली, खाटेच्या दांडीला पाठ टेकवून. पाय पुढच्या उंबऱ्याला रोवले. मांडीवर सुपात मूग घेतले निवडायला. आता बघू कोण सरकवतं.

पत्र्यावर पाऊस बारीक वाजत होता. पलीकडे वखारीत कुणी पोती ओली करत होतं, फडफड ऐकू येत होती. ती मूग निवडत होती. खडा. किडका. खडा.

पाठीला दांडी टोचली.

तिला वाटलं, मितू वळली.

दांडी पुन्हा टोचली, आणि टोचत राहिली. सावकाश. जसं कुणी पूर्ण अंगाचं वजन घालून ढकलतं तसं. सुपातले मूग हलले.

द्रौपदाबाई हट्टी. तिने पाय रोवले आणि पाठीने उलट रेटा दिला. अठ्ठावन्न वर्षांची बाई, चाळीस वर्षं डोक्यावर भारे वाहिलेली.

खाट ढकलत राहिली.

तिच्या पाठीमागे कुणीतरी श्वास घेत होतं. मितूचा नव्हता तो. मितूच्या शिटीखाली दुसरी शिटी होती, जाडी, जुनी.

"कोण शे?" ती म्हणाली.

तिचे पाय उंबऱ्यावरून निसटले. खाट एकदम दोन हात पुढे आली, ती सुपासकट आडवी झाली, आणि त्याच वेळी मागे धप्प झालं.

भिंतीचा गिलावा पडला होता. पाटाएवढा, चार बोटं जाड, पाण्याने जड झालेला. मितूचं डोकं जिथे होतं, तिथे.

उघड्या पडलेल्या भिंतीवर वरपासून खालपर्यंत काळी लव होती. म्हशीच्या कातड्यासारखी.

मितू जागी झाली, खोकायला लागली. द्रौपदाबाईने तिला उचललं, पदर तिच्या तोंडावर धरला आणि बाहेर पावसात धावली. मूग, सूप, चप्पल, लाज, सगळं तिथेच राहिलं.

त्या रात्री ते सगळे अनवरीच्या घरी झोपले. दुसऱ्या दिवशी द्रौपदाबाई स्वतः फैजपूरला गेली. डॉक्टरांपुढे उभी राहिली. आयुष्यात पहिल्यांदा तिची मान खाली होती.

"मी खोटं बोलले. बुरशी शे. पहिल्यापासून शे."

डॉक्टर रागावले नाहीत. त्यांनी खुर्ची पुढे केली, पाणी दिलं. त्या माणसाला ती अजून नाव घेऊन दुवा देते. कय्युमभाईलाही देते. त्याने स्टेशनरोडला चहूबाजूंनी मोकळं, उन्हाचं घर शोधून दिलं, आणि स्वतः हातगाडी ओढून सामान नेलं. अनवरीच्या कोंबडीला तिने पुन्हा कधी शिवी दिली नाही.

सामान निघालं. शेवटी बरणी राहिली. ती आणायला द्रौपदाबाई एकटी आत गेली.

खोलीत ऊन आलं होतं. भिंत तशीच काळी. द्रौपदाबाई विहारात बुद्धापुढे हात जोडायची, बाकी कुणापुढे नाही. भाऊबंदांपुढे नाही, पाटलापुढे नाही. त्या दिवशी तिने भिंतीपुढे जोडले.

"बाई," ती म्हणाली, "तू कोण, ते माले माहीत नही. मी भूत मानत नही, त्यामुळं तू भूत नसशील. पण मनी नात राखली तू. मी राखली नही, तू राखली. तुनं उपकार मी इसरणार नही."

काही हललं नाही. तिने बरणी कडेवर घेतली आणि दार ओढून घेतलं.

नव्या घरात मितूची शिटी पंधरा दिवसांत थांबली. महिन्याने ती शाळेत पळत जायला लागली. मंदाच्या अंगावर मांस चढलं. द्रौपदाबाई सुनेला शिवी द्यायला तोंड उघडायची आणि मध्येच थांबायची, याची मंदाला आधी भीतीच वाटली.

एकदा मितूच्या केसांना तेल लावताना द्रौपदाबाईने सहज विचारलं, "तिकडच्या घरी तुझी खाट कोण सरकवायचं गं?"

"ती बाई."

"कोणती?"

"हात ओले असायचे ती."

"बोलायची का काही?"

"नाही. तिला श्वास घेता यायचा नाही ना, आजी. माझ्यासारखा."

द्रौपदाबाईने वेणी घातली. जरा घट्टच झाली.

दिवाळी आली. कडक ऊन, आभाळ लख्ख, भिंती कोरड्या खडखडीत. आधारला भाकरीबरोबर लोणचं हवं होतं. द्रौपदाबाईने हात धुतले, अंगणात उन्हात धरले, कातडी ताणेपर्यंत वाळवले. बरणी काढली. दादऱ्याची गाठ तिनेच मारलेली, तिच्याच पद्धतीची, दोन वेढे आणि उलटी. कुणी सोडलेली नव्हती. तिने सोडली.

तेलावर बुरा होता. पांढरा, मलमलीसारखा पातळ, काठापर्यंत. आणि त्यात पाच खड्डे, बारीक हाडाच्या बोटांचे.

मंदा चुलीपाशी होती. तिने सासूचा चेहरा पाहिला आणि तिच्या हातातलं उलथणं थांबलं. "आई, मी नाही शिवले. आईशप्पथ."

"माहीत शे."

"ओतून देऊ?"

"राहू दे." द्रौपदाबाईने दादरा पुन्हा बांधला, हळू, जसं झोपलेल्या पोराला पांघरूण घालतात. "मंदा, मितूची खाट भिंतीपासून जरा पुढं घे. मागं एका माणसाला बसता येईल एवढी जागा सोड."

मंदा गोंधळली.

"सोडलेलीच आहे की, आई. सकाळी तुम्हीच ओढली ना?"