किरायातलं गरम पाणी

“ही गोष्ट कोणाले खरी वाटली, तर आपण मिशी उतरवतो,” बापूजींनी बजावलं. थंडीचे दिवस. आदिलाबादच्या बसस्टँडजवळच्या टपरीवर सगळे उन्हाला पाठ देऊन बसले होते. बापूजी आयुष्यभर बसमध्ये कंडक्टर. थापा मारण्यात त्यांचा हात धरणारा थेट भैंशापर्यंत कोणी नव्हता. म्हणून तर मिशी अजून जागेवर होती. त्यांनी चहा बशीत ओतला, एक फुंकर घातली आणि तेजस्विनीचं सांगायला घेतलं.

तेजस्विनी भैंशाजवळच्या मुधोळची. इथल्या मराठी शाळेत मास्तरीण म्हणून लागली आणि बापाला, अमृतरावांना, सोबत घेऊन आली. त्यांच्या छातीचं ऑपरेशन होऊन जेमतेम दीड महिना झालेला. डॉक्टरांनी सांगितलेलं, थंडी बाधता कामा नये, गार पाणी अंगावर नको. आई गेल्यावर तिला हे एकच माणूस उरलं होतं. त्यामुळे पोरगी घर बघायला गेली की आधी न्हाणीत शिरायची, खिडक्या-दारं मागून.

भगवानराव कापसाचे अडते. त्यांनी तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट दाखवला.

“करंट, पाणी, गरम पाणी. सारं किरायात.”

“गीझर कुठं आहे?”

“वर सोलार हाय, बाई. सकाळी तयार भेटते.”

हे बोलताना भगवानराव उंबऱ्याबाहेरच उभे होते. चप्पलसुद्धा काढली नव्हती. तेजस्विनीच्या ते ध्यानात आलं; पण किरायानाम्यावर सही करून झाल्यावर.

पहिल्याच सकाळी ती न्हाणीत गेली तर बादली काठोकाठ भरलेली, वर वाफ. तिला वाटलं, बाबांनी भरली. बाबांना वाटलं, पोरीनं भरली. अमृतराव अंघोळ करून आले ते लाल होऊन.

“कसं बरोबर पाणी काढलंस, बाई! तुही माय असंच काढे.”

आठवडाभर दोघं असेच एकमेकांवर खूश होते. मग एका सकाळी, सहाच्या सुमाराला, अमृतराव ओट्यापाशी लसूण सोलत होते, ती कणीक मळत होती, आणि आत नळ सुटला.

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

“सोलार हाय ना ते,” अमृतराव म्हणाले. “आपोआप येत असल.”

मास्तरीणच ती, तिला आपोआप पटेना. रविवारी दुपारी ती गच्चीवर गेली. सोलारच्या काचा फुटलेल्या. टाकीत पारव्यांचं घरटं. खाली येणारा पाइप वीतभरावर कापलेला, आणि त्याच्या तोंडात चिंधी कोंबलेली. चिंधी वाळून लाकूड झाली होती.

तिनं तिथूनच भगवानरावांना फोन लावला. सोलार मोडकं पडल्याचं सांगितलं.

“पाणी येऊन राह्यलं ना?” त्यांनी विचारलं.

“येतं.”

“मंग काऊन विचारता?”

घर सोडावं, तर आदिलाबादची थंडी तोंडावर. बापाच्या तोंडावर तर रंग चढत होता. खोकला थांबला होता. तिनं मनाशी म्हटलं, पाणीच आहे, काही विस्तव नाही. पण तेव्हापासून ती रोज पहाटे ओट्याशी उभी राहून कान द्यायची. गरम पाण्याचा आवाज दबका असतो, गार पाणी टणटणीत वाजतं. आत आधी दबका आवाज व्हायचा, मग टणटणीत. आधी गरम, मग वरून गार पाण्याचं विसण. अगदी घरच्या बाईसारखं.

संक्रांतीला चार दिवस होते. ती चहा गाळत होती. नळ सुटला.

टणटणीत.

तिचा हात थांबला. गार पाणी अर्ध्या बादलीपर्यंत वाजत गेलं. मग त्यावर गरम पडू लागलं, दबकं, सावकाश.

असं पाणी तिनं एकदाच पाहिलं होतं. मुधोळला, अंगणात, आई गेली त्या दिवशी. शेजारच्या गयाबाईंनी आधी गार ओतलं होतं, मग त्यात गरम. तेजस्विनीनं विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, “जित्या माणसाले असं काढत नाईत, बाई. हे शेवटचं हाय.”

अमृतराव टॉवेल खांद्यावर टाकून न्हाणीच्या दारात पोचले होते.

“बाबा, थांबा.”

“पाणी निवून जाईल ना.”

तिनं त्यांना बाजूला सारलं आणि बादली मोरीत उपडी केली.

पाणी गेलं. बादली तिच्या हातातून सुटून सरळ उभी राहिली.

नळ सुटला. टणटणीत.

तिनं पुन्हा ओतली.

टणटणीत.

तिनं बापाचा दंड धरला. चपला राहिल्या, चहा राहिला. तीन मजले उतरेस्तोवर वरून दबका आवाज येत होता.

भैंशाच्या बसमध्ये अमृतराव टॉवेल गुंडाळून बसले होते. वाटेत बस नेरडीगोंड्याला थांबली तेव्हा म्हणाले, “अंघोळ तेवढी राह्यली.”

“अन् म्हातारा आजबी ठणठणीत हाय!” बापूजींनी बशी खाली ठेवली. “तवापासून भगवानरावच्या त्या तिसऱ्या मजल्याले कुलूप. कोणी पाय ठेवत नाई.”

“खोटं!”

सगळे वळले. चंचल होती. कापसाच्या जिनिंगच्या ऑफिसात नवी लागलेली पोरगी, घरी पार्सलचे दोन चहा न्यायला आत्ताच आलेली.

“कुठं हाय कुलूप, बापूजी? दिवाळीपासून आमीच राह्यतो तिथं.”

टपरी खो-खो हसली. “मिशी वाचली तुमची!” कोणीतरी म्हणालं.

“काई बी सांगता राव,” चंचल पिशवी घेत म्हणाली. “झकास घर हाय. सारं किरायात. गरम पाणी तर आपोआप येते. आज तेवढं बिघडलं वाटते. आधी गारच आलं, मंग गरम.”

हसणं एकेक करून थांबलं. बापूजींचा हात मिशीवर होता, तो तिथंच राहिला.

“दोन चहा काऊन, पोरी?”

“एक आईचा. तू आनला की घेते म्हने. अंघोळीले गेली हाय.”