मधली फरशी

माझं काम कंटिन्युइटीचं. शॉट संपला की खोलीचे फोटो काढायचे आणि दुसऱ्या दिवशी कप, पडदा, चादरीची घडी सगळं तसंच आहे ना ते बघायचं. नटीच्या हातातला पेला डावीकडून उजवीकडे गेला की लोक माझी अक्कल काढतात. दिग्दर्शकाची कोणी काढत नाही; काढायला आधी असावी लागते.

सिनेमा एका चित्रकार बाईवर आणि तिच्या कवयित्रीवर. दोघींचं एकमेकींवर प्रेम होतं. चित्रांत होतं, कवितांत होतं, शेजाऱ्यापाजाऱ्यांना ठाऊक होतं. तळमजल्यावरच्या याच खोलीत, एकाच पलंगावर त्या म्हाताऱ्या झाल्या आणि एकाच हिवाळ्यात गेल्या. घर मिळालं चित्रकार बाईच्या भाच्याला. तो आधीपासूनच बायकोबरोबर वरच्या मजल्यावर राहतो. शूटिंगला परवानगी दिली ती एका अटीवर.

"मैत्रिणी होत्या त्या. खाटा दोन दाखवायच्या, लांब लांब. आमच्या आत्याचं नाव खराब व्हायला नको."

आत्याचं नाव! ती आजारी होती तेव्हा याला जिना उतरवला नाही. आणि मुलाखतींतून स्वतःला निर्भीड म्हणवून घेणारे आमचे दिग्दर्शक महाशय लगेच मान डोलावून मोकळे झाले.

खाटा आल्या, समोरासमोरच्या भिंतींना लावल्या. मधे लाल फरशीची एक ओळ उघडी राहिली. तिच्यातल्या एका फरशीवर जुना निळा रंग सांडलेला होता, साधारण माशाच्या आकाराचा. मी फोटो काढला आणि खोलीला कुलूप लावलं.

सकाळी खाटा खोलीच्या मधोमध एकमेकींना चिकटून होत्या. उशासुद्धा टेकलेल्या. खोलीत ओल्या तैलरंगाचा वास येत होता.

दिग्दर्शकानं सेटवरच्या सुताराला फैलावर घेतलं. सुतार म्हणाला, "साहेब, किल्ली बाईंकडे होती." मग सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी फोटो पुढे केला. दिग्दर्शकाला फोटो वाचता आला असता तर प्रश्नच नव्हता.

"एकच पलंग दाखवू या का?" त्यानं भाच्याला हळूच विचारलं.

"जमणार नाही. हवं तर खाटा जमिनीला ठोका."

ठोकल्या. सुतारानं फरशीला भोकं पाडून आठही पाय स्क्रूनं आवळले, वर रंगाचा हात मारला. भाचा खुर्ची टाकून समोर बसला होता, जणू आत्याला आवरायला आता कुठे वेळ मिळाला होता त्याला.

दुसऱ्या सकाळी खाटा पुन्हा जवळ होत्या.

स्क्रू जागेवर होते. त्यांच्यावरचा रंग तडकलासुद्धा नव्हता. खाटा अजून आपापल्या भिंतींना टेकलेल्या होत्या, आणि तरीही मधे बोट जाईना. मी पहिल्या दिवशीचा फोटो समोर धरला. फोटोत निळ्या डागाची ओळ होती. जमिनीवर ती नव्हती.

कॅमेऱ्याची गाडी काल या खोलीत वळत होती. आज वळेना.

"फ्रेम घट्ट धरा," दिग्दर्शक म्हणाला. "कोणाला कळतंय!"

तेवढ्यात भाचा जिन्यावरून खाली आला. पायजमा, अनवाणी पाय, दाढी वाढलेली. माझ्याशी तो एरवी बोलत नसे.

"तुमचा कॅमेरा घेऊन जरा वर येता का?"

वर त्यांच्या झोपायच्या खोलीत पांढऱ्या टाइल्स होत्या. त्यांचा एकसंध डबलबेड मधोमध दोन झाला होता. लाकूड कुठेही तुटलेलं नव्हतं; आतल्या कडांनाही पॉलिश होतं. मधे लाल फरशीची एक ओळ होती. तिच्यात निळा मासा.

पलीकडच्या अर्ध्या पलंगावर त्याची बायको बसली होती. ती काहीतरी म्हणत होती. तिचे ओठ हलताना दिसत होते.

"तो सीन घ्या तुम्हाला हवा तसा," भाचा म्हणाला. "एकच पलंग घ्या. पण हे बंद करा."

मला त्याची कीव आली नाही.

"बायको तिकडे एकटी बसलीय," मी म्हटलं. "जाऊन बसा की जवळ. पाऊलभर तर अंतर आहे."

"गेलो होतो," तो म्हणाला. "पहाटेपासून चालत होतो."

मी खाली पाहिलं. त्याचे पाय घोट्यापर्यंत लाल धुळीनं माखले होते.