दाबलेली माती

मी रस्त्याकडेच्या खड्ड्यात गुडघे टेकून बसले होते. कोपरापर्यंत चिखल, अंगात त्राण नाही.

"काही हरवलंय का?" वरून आवाज आला.

"हो. नोकरी."

तो हसला. रस्त्याच्या कामावरचा इंजिनियर.

खड्डा मी आखलेला. रस्त्यावरचं पावसाचं पाणी इथं मुरावं, खालच्या गल्लीतल्या घरांत शिरू नये, म्हणून. काठावर कोरड सोसणारी झाडं, तळाशी ओल सोसणारी. दोनदा मजुरांकडून लावून घेतली, दोनदा मेली. तिसरी लावणी शेवटची. तीही मेली तर साहेब वरून काँक्रीट ओतणार आणि मला घरी बसवणार. उद्घाटनाच्या फोटोला सगळे हजर, नंतर बघायला कुत्रं येत नाही.

मी कुदळ मारली. टणकन उसळली. खालून कुजका वास आला.

"ही माती कुणी दाबली?"

तो काठावर उकिडवा बसला. मग म्हणाला, "मी... दोन्ही वेळा, लावणीच्या आधी. छोटा रोलर फिरवला. भुसभुशीत दिसली, वाटलं काम अर्धवट राहिलंय. म्हटलं, मदत करावी."

"मदत? मुळांनी आत शिरायचं कुठून? पाण्यानं जायचं कुठं?"

"रस्त्याची सवय हो. मोकळं दिसलं की दाबायचं."

"डोकंही दाबूनच घेतलंय वाटतं."

अजून बोलले असते, पण दमले होते.

दुसऱ्या दिवशी तो फावडं घेऊन हजर. मग रोजच. पाय पडून माती पुन्हा दबू नये म्हणून मी खड्ड्यावर फळी टाकली. फळी अरुंद. माती उकरताना, पालापाचोळ्याचं खत कालवताना त्याचा खांदा लागायचा... मी सरकायचे नाही. जागाच नव्हती, असं ताईला सांगितलं.

"दुसरी फळी मिळेना होय गं?" ताई म्हणाली.

लावणी झाली, झाडांनी जीव धरला. मग एका दुपारी पाऊस कोसळला. खड्डा काठोकाठ भरला. आम्ही भिजत उभे, श्वास रोखून. पाणी हळूहळू उतरलं... तळाची झाडं मान वर करून उभी. खालची गल्ली कोरडी.

"उद्यापासून मी दुसऱ्या रस्त्यावर," तो म्हणाला.

"बरं."

"एवढंच?"

"हे बघ, मी फार दमलेय. लाजायला, झुरायला ताकद नाही. तू मला आवडतोस. काम कुठंही कर, संध्याकाळी माझ्याकडे ये."

"रोज?"

मी त्याच्या भिजलेल्या खांद्यावर डोकं टेकवलं आणि डोळे मिटले. त्यानं हलायचं नाव काढलं नाही.