वर गेलेले ठसे

"माउंट वॉशिंग्टन कॅन्सल!" गिरिजाने नकाशावर हात आपटला. "आपण पहिल्यांदाच स्नोशूज घालणार आहोत. कमी उंची हवी, वाऱ्याला झाडांचा आडोसा हवा आणि तासाभरात खाली उतरता आलं पाहिजे. पाइन हिल!"

"अगं, ती तर टेकडी आहे!" केदारकाका कुरकुरले. "मी राजगड तीनदा केलाय!"

"बर्फात?" दहा वर्षांच्या आर्यने विचारलं.

फेब्रुवारीची सुट्टी होती. तेरा वर्षांची गिरिजा, तिचा भाऊ आर्य, मैत्रीण स्वानंदी आणि शेजारचे केदारकाका सकाळीच आपल्या श्रूजबरी गावाहून निघाले. पाइन हिलच्या पायथ्याशी दुसरी एकही गाडी नव्हती. रात्रीच्या ताज्या बर्फावर एकही ठसा नव्हता. पाय बर्फात रुतू नयेत म्हणून बुटांना रुंद स्नोशूज बांधून चौघं बदकांसारखे डुलत, झाडांवरच्या निळ्या खुणा बघत चढू लागले.

अर्ध्यावर वाट उजवीकडे वळली. काका मात्र सरळ झाडीत घुसले. "शॉर्टकट!"

"काका, निळी खूण सोडायची नाही असं ठरलं होतं ना?" गिरिजा ओरडली.

पाच मिनिटांनी ते धापा टाकत परतले. "पुढे नुसती झुडपं आहेत. पण आलो ना परत? काय बिघडलं?"

माथ्यावर पुऱ्या खाऊन होईपर्यंत आभाळ काळवंडलं. वारा सुटला. चौघं घाईने उतरू लागले. वळणाशी आर्य एकदम थबकला.

"गाइज, लुक! हे ठसे आपले नाहीत!"

खालून एक लहान ठशांची रांग वर आली होती. स्वानंदी थोडी खाली जाऊन बघून आली. "फक्त वर आलेत. परत गेलेले नाहीतच!"

"पण आपल्याला तर कोणीच भेटलं नाही," आर्य म्हणाला.

गिरिजाने वाकून नीट पाहिलं. ते ठसे वाटेबरोबर वळलेच नव्हते. ते सरळ काकांच्या शॉर्टकटवर गेले होते!

"असेल कोणीतरी, येईल आपलं आपण," काका म्हणाले. "चला, हवा बिघडतेय."

"तुमचे ठसे बघून कोणीतरी चुकलंय, काका! मी नाही येणार!"

तिने गळ्यातली शिट्टी तीनदा फुंकली. काहीच नाही. पुन्हा तीनदा. वाऱ्यातून अगदी क्षीण आवाज आला... "हेल्प!"

काकांचा चेहरा पांढराफटक पडला.

"स्वानंदी, इथे रेंज आहे. नाइन-वन-वनला फोन लावून मदत मागव आणि इथेच थांब!" गिरिजा म्हणाली आणि तिघं आत धावले.

काकांचे ठसे जिथे संपले, त्याच्या थोडं पुढे बर्फात खड्डा होता. त्यात एक साठीच्या बाई छातीपर्यंत रुतल्या होत्या. ओठ निळे पडले होते. काका पुढे झेपावले.

"थांबा!" गिरिजाने त्यांच्या सॅकचा पट्टा खेचला. "खाली बुटकी झाडं गाडली गेलीत. मध्ये पोकळी आहे. तुम्हीही आत जाल!"

"मग काय करायचं गं?"

"आडवे व्हा! माझे पाय घट्ट धरा. आर्य, तू काकांचे पाय धर!"

पोटावर सरपटत ती खड्ड्याच्या कडेला पोचली. बाईंचा एक स्नोशू फांद्यांत अडकला होता आणि त्यांची बोटं इतकी बधिर होती की पट्टा सुटत नव्हता. गिरिजाने खांद्यापर्यंत हात आत घातला. बर्फ खचला! क्षणभर तिचं डोकंच आत गेलं.

"गिरिजा!" काका किंचाळले.

"सोडू नका! मिळालं... सुटलं!"

तिने बाईंचे दंड पकडले. "खेचा!" काकांनी जीव खाऊन ओढलं आणि दोघी बर्फावर येऊन पडल्या.

बाईंचं नाव रूथ होतं. पुढे गेलेले ठसे बघून त्या झाडीत शिरल्या होत्या. काकांनी आपलं जाड जॅकेट त्यांना घातलं. आधार देत त्यांना खाली आणलं, तेव्हा मदतीला निघालेले रेंजर्स, म्हणजे वनरक्षक, वर येतच होते.

"झाडीत आधी कोण गेलं होतं?" रेंजरबाईंनी ठसे बघून विचारलं.

काकांनी मान खाली घातली. "मी. चूक माझी."

"तुम्ही खरं सांगितलंत, बरं झालं," रेंजरबाई म्हणाल्या. मग मुलांकडे वळल्या. "ठसे सगळ्यांना दिसतात. थांबून विचार करणारे फार थोडे! आज तुम्ही एक जीव वाचवलात."

रूथआजींनी तिघांनाही कवेत घेतलं.

गाडीत बसल्यावर गिरिजाने आपले भिजलेले हातमोजे काढले. काकांनी स्वतःचे हातमोजे काढून तिच्या हातांवर चढवले.

"घरी सगळं मीच सांगणार आहे," ते हळूच म्हणाले. "तू होतीस म्हणून आज घरी तोंड दाखवू शकतोय मी."